गॅलरी पडण्याचे अधिकृत कारण

भोईवाड्यातल्या आमच्या चाळीची दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी कोसळून कमळाबाई वारल्या. त्या घटनेचे कारण निश्चित करण्यासाठी चाळ समितीची तातडीची सभा भरली. मी समितीचा सहचिटणीस, तेव्हा हा वृत्तांत अधिकृत समजावा.

कारण तसं आधीच ठरलं होतं, निश्चित करायचं तेवढं बाकी होतं. अध्यक्ष उत्तम परब म्हणाले, "ते मयूर आणि स्वप्नील तिसऱ्या माळ्यावर नवरा-बायकोसारखे राहायला आले मे महिन्यात. जूनमध्ये गढूळ पाणी, ऑगस्टमध्ये गॅलरी. अजून काय पुरावा पायजे?"

धोकादायक इमारतीची पालिकेची नोटीस तीन वर्षांपूर्वीच आली होती, पण तारखांचा मुद्दा विषयपत्रिकेवर नव्हता. पडलेल्या गॅलरीत पाण्याच्या अकरा टाक्या होत्या, त्याही विषयपत्रिकेवर नव्हत्या.

इतिवृत्त लिहिणारी सुचित्रा म्हणाली, "काका, ढिगारा उपसून कमळाबाईंना बाहेर त्या दोघांनीच काढलं ना? आपण सगळे तर व्हिडिओ काढत होतो."

"नोंद घे," उत्तमराव म्हणाले, "पण बारीक अक्षरात."

रविवारपर्यंत दोघांनी खोली सोडावी असं ठरलं. मात्र नुसत्या आमच्या सांगण्याने लोक नावं ठेवतील, म्हणून धर्माचा दाखला हवा होता. दाखला सर्वधर्मीय असलेला बरा, म्हणून तीन ठिकाणी अर्ज गेले. फादरनी कळवलं की वरची वस्तू खाली पडायला देवाला कुणाचं पाप लागत नाही. मौलानांनी उलट विचारलं, टाक्या किती लिटरच्या होत्या? दोन्ही उत्तरं ‘विषयाशी असंबद्ध’ असा शेरा मारून फाइलला लावली.

उरले आमचे रघुवीर गुरव. गिरणी बंद पडल्यापासून चाळीच्या देवळात पूजा करतात. आम्ही सगळे कोकणातले. गुरवांनी देवाला गाऱ्हाणं घालावं आणि आम्ही दर वाक्याला होकार भरावा, की समोरच्या भोईवाडा कोर्टाचा निकालही त्यापुढे फिका. चाळीस वर्षं आम्ही हा होकार भरतोय. त्यासाठी गाऱ्हाणं ऐकावं लागतं, असा नियम कुठेही नाही.

शनिवारी सगळी चाळ देवळापुढे जमली. मयूर आणि स्वप्नील चपलांपाशी उभे होते. मयूरच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. कमळाबाई दर बुधवारी त्यांना बांगड्याचं तिखलं द्यायच्या, ते आठवून मला उगीचच गलबलून आलं. सहचिटणीसाला ते शोभत नाही.

गुरवांनी डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, कमळाबाय कोणाच्या पापान गेली, ता तुका ठावक आसा."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

"नोटीस इली, ती वाचून ज्यांनी कपाटात ठेवली, ते तुज्या समोर उभे आसत."

"व्हय म्हाराजा."

"ज्यांनी गॅलरीत टाक्यो चढवल्यो, ते पण हंयच आसत."

"व्हय म्हाराजा." उत्तमरावांचा आवाज सगळ्यात खणखणीत होता.

"ह्ये चपलांकडे उभे दोन झिल आमचेच आसत. त्येंची खोली त्येंकाच ऱ्हवांदे."

"व्हय म्हाराजा."

उत्तमराव हळूच म्हणाले, "गुरवानू, ह्या काय बोललात?"

"मी खंय बोललंय? मी देवाक सांगी होतंय," गुरव म्हणाले. "व्हय तुमी म्हणालात."

सुचित्राने तोवर लिहून टाकलं होतं: सर्वानुमते मंजूर. समितीच्या नियमानुसार सर्वानुमते झालेला ठराव वर्षभर बदलता येत नाही. खोली राहिली.

पुढच्या रविवारी उरलेल्या गॅलऱ्यांतल्या टाक्या खाली उतरवण्यासाठी सभा बोलावली. दोषी कोण ते ठरवायचं नसल्यामुळे गणसंख्या भरली नाही. दोघंच आले, मयूर आणि स्वप्नील, टाक्या उचलायला. टाक्यांच्या मालकांच्या लेखी संमतीअभावी त्यांना परत पाठवावं लागलं. तसं पत्र दिलं, त्यावर सही माझी आहे.

आमची टाकी साडेसातशे लिटरची. ती अजून जागेवर आहे. तुम्ही हसत असाल तर खुशाल हसा, पण त्याआधी एकदा बघून घ्या, तुमची टाकी कोणाच्या डोक्यावर आहे.