वजन वाढवा

“कोपर टेका, मनगटाला पट्टी बांधा आणि दर आठवड्याला थोडं थोडं वजन वाढवा.”

व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई एवढं सगळं बोलल्या होत्या. पेंटरच्या कानात राहिले ते शेवटचे दोनच शब्द. बाकीचे रागात वाहून गेले. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आणि आता हात थरथरतो म्हणून काल जन्मलेली पोर हात कसा धरायचा ते शिकवणार.

घरी येऊन त्याने चपला भिरकावल्या.

“काय म्हणाल्या?” बायकोने विचारलं.

“वजन वाढवा म्हणाल्या. गोळी नाही, औषध नाही. वजन वाढवा.”

“मी कधीची सांगतेय. शर्ट खुंटीला टांगल्यासारखा दिसतो अंगावर. पण घरातल्या माणसाचं ऐकतो कोण?”

लेकीचं शिवणकामाचं दुकान दीड महिन्यात उघडणार होतं. त्याची पाटी बाबाच रंगवणार, हे तिने शाळेत असतानाच कबूल करून घेतलं होतं. जावई मात्र छापील फलकांचे नमुने मोबाइलवर दाखवत फिरत होता. “बाबा, तुम्हाला कशाला त्रास?” म्हणायचा. तो ‘त्रास’ पेंटरच्या वर्मी लागला होता.

बायकोने व्रत घेतल्यासारखं मनावर घेतलं. सकाळी अंडी, दुपारी लोणी, चारला केळी, झोपताना सायीसकट दूध. एक दिवस नेम चुकला नाही. पेंटर चिडून खायचा आणि खाऊन चिडायचा. चमचा ताटलीवर वाजायचा तो वाजतच होता. वर एकदा शर्टाचं बटण उडून रंगाच्या डब्यात पडलं.

“धीर धरा, गुण येईल,” बायको म्हणाली.

“गुण नाही, घेर आलाय.”

सहा आठवड्यांनी दोघं पुन्हा डॉक्टरीणबाईंसमोर बसली.

“वजन वाढवलंत?”

“सहा किलो,” बायको अभिमानाने म्हणाली.

बाईंचं पेन थांबलं. “सहा? अहो, अर्ध्या किलोपासून सुरुवात करायची होती. मनगट शाबूत आहे ना?”

“मनगटाला काय होतंय? सगळं पोटावर आलंय.”

बाईंनी हसू गिळत खणातून वाळू भरलेली पट्टी काढली आणि टेबलावर ठेवली. बायकोने आधी पट्टीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. पट्टी पिशवीत टाकून ती नवऱ्यामागून घरी आली. दार लावल्यावर हळू आवाजात म्हणाली, “उभ्या जन्मात एक निरोप पुरता आणला नाहीत.”

“तू नीट विचारायचंस.”

“विचारलं होतं. तेव्हा तुम्ही चपला फेकत होता.”

एवढ्यात जावयाचा फोन आला. परवा दुकान उघडायचंय, तेव्हा फलक छापायला टाकू का? पेंटरने फोन ठेवला, कोरी पाटी भिंतीला उभी केली आणि समोर स्टुलावर बसला. दात खाऊन ब्रश उचलला, तसं कोपर पोटावर जाऊन टेकलं. चांगलं घट्ट टेकलं. त्याने रेघ ओढली. रेघ सरळ आली. त्याचा विश्वास बसेना. आणखी एक ओढली, तीही सरळ.

बायको दारातून पाहत होती. “उद्यापासून लोणी बंद करते,” ती म्हणाली.

“पाटी होईपर्यंत राहू दे,” तो मान न वळवता म्हणाला.

तिने पिशवीतली वाळूची पट्टी आणली आणि त्याच्या मनगटाला बांधली. त्याने दोन्ही रेघा पुसल्या, फूटपट्टी लावून पेन्सिलीने मधोमध खूण केली आणि लेकीच्या नावाचं पहिलं अक्षर काढायला घेतलं.