तरी आपण कृपया

रविवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मी आमच्या जुन्या गाडीच्या सीडी प्लेअरमध्ये बाबांची सीडी सरकवली. दहा एकवीसला ती वाजू लागली. दहा तेवीसला ती अडकली आणि साडेदहाला मी परिस्थिती हाताबाहेर घालवली. वेळा अचूक आहेत. वर्तमानपत्रात बावीस वर्षे काढली की माणसाला दुसरे काही आले नाही तरी घड्याळ बघता येते.

आदल्या संध्याकाळी मी घरात जाहीर केले होते, "उद्या आईला बाबांचा आवाज ऐकवतो. पाच मिनिटांचं काम."

"नळाचंही पाच मिनिटांचंच होतं," बायको म्हणाली. तो नळ हा वेगळा विषय आहे.

बाबा लघुलेखनाचा वर्ग चालवत. त्यांना जाऊन तीन वर्षे झाली. फोटो ढीगभर आहेत, पण आवाज कुठेच नव्हता. मग गेल्या आठवड्यात ताईच्या कपाटात ही सीडी सापडली. विद्यार्थ्यांच्या सरावासाठी बाबांनी स्वतः वाचलेली कार्यालयीन पत्रे तिच्यात होती. घरात सीडी वाजवणारे एकही यंत्र उरले नव्हते. राहिली होती बाबांची सतरा वर्षांची गाडी. तिच्या डॅशबोर्डातला प्लेअर टिकला, कारण तो काढून टाकणे कुणाला जमले नाही.

आई पुढच्या सीटवर बसली आणि तिने पट्टा लावला.

"आई, गाडी हलणार नाहीये."

"असू दे. बिनपट्ट्याची दिसले की ओरडायचे."

आधी खरखर झाली. मग अगदी कानाजवळून बाबा म्हणाले, "गती, मिनिटाला साठ शब्द. तयार."

लग्नाआधी आई त्यांच्याच वर्गात शिकत होती. तिच्या उजव्या हाताचे बोट आपोआप गुडघ्यावर चालू लागले.

"महोदय, आपल्याकडून मागवलेली सहा लोखंडी कपाटे मिळाली. त्यांपैकी दोन कपाटांची दारे लागत नाहीत. तरी आपण कृपया... तरी आपण कृपया... तरी आपण कृपया..."

मी बटणाकडे हात नेला. आईने तो बाजूला केला.

"राहू दे. उभ्या जन्मात पहिल्यांदा म्हणतायत."

सात मिनिटे बाबा कृपया म्हणत राहिले. आई समोरच्या काचेतून बाहेर बघत ऐकत होती. मी तिथेच थांबायला हवे होते. पण अपूर्ण वाक्य पानावर जाऊ देणे हा आमच्या धंद्यात गुन्हा आहे. शिवाय आईनेच विचारले, "पुढे काय होतं रे? हे पत्र मी वर्गात उतरवून घेतलंय. काही केल्या आठवत नाही."

सीडी बाहेर काढण्याचे बटण दाबले. सीडी आली नाही. मग मी बॉनेट उघडून बॅटरीची तार काढली आणि पुन्हा जोडली. घरातला इंटरनेटचा डबा असाच बरा होतो. बाबा गप्प झाले आणि सेटच्या पट्टीवर एकच शब्द उमटला: कोड.

गाड्यांच्या वायरिंगचे काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनला फोन लावला.

"बॅटरी काढली? कशाला काढली, साहेब?" आवाजात डॉक्टरची निराशा होती. "चोरी होऊ नये म्हणून तो सेट लॉक होतो. चार आकडे टाका, उघडेल."

"कोणते चार?"

"आठवा. मी दुपारपर्यंत येतो. तीनदा चुकलात तर तासभर बंद पडेल, सांभाळून."

आठवा म्हटल्यावर आम्ही बाबांना आठवायला बसलो. ताईला फोन केला.

"माझी जन्मतारीख टाक," ती लगेच म्हणाली. "लाडकी कोण होती घरात?"

तिची टाकली. चूक. मला बरे वाटले, हे लपवत नाही. पुढच्या क्षणी मी माझी टाकली. तीही चूक.

"काय टाकलंस?" फोनमधून ताईने विचारले.

"सहज एक आकडा."

"तुझी टाकलीस. मला माहितेय. तुझी कशाला ठेवतील? तुला तर ते वर्गातही बसू देत नव्हते."

"ताई, एकच संधी उरलीय."

बायको म्हणाली, "वर्ग सुरू झाला ती तारीख? वर्गापुढे त्यांना काही सुचायचं नाही."

आईने दिवस आणि महिना क्षणात सांगितला. मी टाकला. पट्टीवर 'वेट' आले आणि सेट आमच्याशी बोलायचा बंद झाला.

मग आई हळूच म्हणाली, "लग्नाची तारीख कुणालाच सुचली नाही."

मी ताईवर ढकलले, ताईने माझ्यावर. बायकोने फोन बंद केला, हा त्या सकाळचा एकमेव शहाणपणाचा निर्णय.

सव्वाबाराला इलेक्ट्रिशियन आला. आम्ही काय काय टाकून पाहिले ते त्याने शांतपणे ऐकून घेतले.

"काकू, कोड मालक ठेवत नाही," तो म्हणाला. "कंपनीतूनच ठरून येतो. एक कार्ड देतात, ते हरवलं असणार."

म्हणजे मी आणि ताई सकाळभर कारखान्यातल्या कुणा अनोळखी कारकुनाच्या मायेसाठी भांडत होतो.

"मग बरं झालं, आमची टाकली नाही ते," आई म्हणाली. आणि कितीतरी वेळाने हसली.

त्याने सेट खाचेतून बाहेर ओढला, बाजूवरचा क्रमांक लिहून घेतला आणि कंपनीला कळवला. सोमवारी सायंकाळी पाच चाळीसला कोड आला. तो कुणाच्याही जन्माशी जुळत नाही. मी तो टाकला, आई पट्टा लावून बसली होती. सेट उघडला. रेडिओ उत्तम लागला. सीडीचे बटण दाबले, तर पट्टीवर 'नो डिस्क'.

"सीडी आत आहे," मी म्हणालो. "मी स्वतः घातलीय."

मी पुन्हा दाबले. सेट आपल्या म्हणण्यावर ठाम.

"घरातही असंच होतं," आई म्हणाली. "पेपर उघडला की असून नसल्यासारखे."

मंगळवारी इलेक्ट्रिशियन पुन्हा आला. त्याच्या मते सेट उघडूनच सीडी काढावी लागेल. चिकटली असेल तर ओरखडे पडतील. "हातात तर येईल, काकू. वाजेल की नाही, ते काढल्यावरच कळेल."

"आणि नाही काढली तर?"

"तर आहे तशीच राहील."

आईने त्याला चहा दिला आणि विचार करून सांगते म्हणाली.

आज शुक्रवार. रोज दहा वीसला ती गाडीत जाऊन बसते, बटण एकदा दाबते आणि घरात येते. इलेक्ट्रिशियनचा काल दोनदा फोन आला. आईने अजून हो म्हटलेले नाही.