कड्यावरचं बंदर आणि उघडा कॉक

खट्.

दुपारचे दोन वाजले होते. धाकटी नुकती झोपली होती, आबा म्हणजे माझे सासरे ओसरीवर आडवे झाले होते, आणि घर इतकं शांत होतं की मी पाळण्याची दोरीसुद्धा बेतानं सोडली. त्या शांततेत पडवीतल्या मोटरच्या स्टार्टरनं 'खट्' केलं. लाइट आली होती. मी ते ऐकलं, आणि ऐकून पुन्हा पुठ्ठ्यावर स्केचपेननं अक्षरं काढायला लागले.

हे आधीच कबूल करते, कारण पुढं जे झालं त्याबद्दल आबा अजून लाइटवाल्यांना बोल लावतात. त्या बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता. त्या 'खट्'पर्यंत मी निरगुडसरमधली सगळ्यात हुशार बाई होते, एवढीच काय ती गडबड.

झालं असं की दिवाळीत आमच्याकडं प्रत्येक अंगणात किल्ला. शिवनेरी तर पोरांना इतका पाठ की डोळे बांधले तरी सातही दरवाजे जागच्या जागी लावतील. मंडळाची स्पर्धा असते, परीक्षक घरोघर येतात. मागच्या वर्षी आमच्या किल्ल्यावर परीक्षकांनी चपला काढून ठेवल्या. त्यांना तो ओटा वाटला! माझी हर्षाली तेव्हा पाच वर्षांची. ती काही रडली नाही, फक्त परीक्षक गेल्यावर चपलांचे ठसे हातानं बुजवत बसली. ते मी विसरले नव्हते, आणि तीही नव्हती.

यंदा तिनं सांगितलं, "आई, आपला किल्ला समुद्रात पाय सोडून बसलेला करू. त्यात पुष्कळ माणसं राहू दे. आणि ते लोक थांबून बघतील असा कर."

"त्यात काय," मी म्हटलं.

आता समुद्र मी एकदाच पाहिलाय, लग्नानंतर, अलिबागला. पोचलो तेव्हा ओहोटी होती, आणि परतीची एसटी भरतीच्या आधी होती. म्हणजे मी पाहिला तो चिखल. तरीही समुद्राबद्दल मी हर्षालीशी इतक्या अधिकारानं बोलत होते, की कोळ्यांनी येऊन माझ्याकडं शिकवणी लावावी.

आठ दिवस लागले. भाकरी झाल्या की एक घमेलं माती, धाकटीला न्हाऊ घातलं की चार दगड. घरामागं पुरुषभर उंचीचा बांध आहे, त्याला टेकून कडा उभा केला. चिखलात बुडवलेली गोणपाटं वरून खाली सोडली, ती वाळली तशा त्यांना खऱ्या कातळासारख्या घड्या पडल्या. लेण्याद्रीला लेणी असतात तशी कड्याच्या पोटात चमच्यानं घरं कोरली, ओळीवर ओळ. घरांना जोडणारे जिने काडेपेटीच्या काड्यांचे. मधोमध बाजारपेठ, तळाला धक्का, धक्क्याला बांधलेली करवंट्यांची गलबतं. सगळ्यात वर महाराज, ते तर असणारच. अळीव पेरला होता, तो चौथ्या दिवशी उगवला आणि कड्यावर हिरवी लव फुटली.

माणसं म्हणजे कपड्यांचे चिमटे. हर्षालीनं प्रत्येकाला पेननं डोळे काढले, नाव दिलं, घर दिलं. धक्क्यावरचा हमाल जानकू, बाजारातली झुंबरबाई, असे बावन्न जण. आमचे सगळे चिमटे शहरात राहायला गेल्यामुळं घरचे कपडे वाऱ्याबरोबर शेजारच्या उसात जायला लागले. पण त्याचं कुणाला काही वाटेना.

एका संध्याकाळी तिरपं ऊन आलं आणि घराघरात शिरलं. कड्याची सावली खाली पडली, जिने सोन्यासारखे झाले. हातातली बादली तशीच धरून मी उभी राहिले. खरं सांगते, ते मी केलंय असं मला वाटेनाच. वाटलं, हे इथं कधीचंच होतं, आपण फक्त वरची माती झाडली. माझा नवरा भरत कामावरून आला, तो हेल्मेट न काढता पाच मिनिटं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "इथं एखादी खोली भाड्यानं मिळंल का गं?"

राहिला होता समुद्र. त्यासाठी मी शेततळ्याचा उरलेला जाड प्लास्टिकचा कागद खड्ड्यात अंथरला. तो कागद थेंब गळू देत नाही, याचा मला फार अभिमान होता. पलीकडच्या वाफ्यात कांद्याचं रोप आहे, त्याला पाणी जातं त्या पाइपाला एक जादा कॉक आहे, त्याला नळी जोडून मी सकाळी समुद्र भरायला घेतला. अर्धा भरला आणि लाइट गेली. तेवढ्यात आत धाकटी रडली. मी आत पळाले. कॉक तसाच उघडा राहिला.

आता, आमच्याकडं लाइट कधी येईल याचा नेम नाही, म्हणून मोटरला 'ऑटो' बसवलेलं असतं. लाइट आली की मोटर आपली आपण सुरू होते. खट्.

मी आत बसून पुठ्ठ्यावर शहराची माहिती लिहीत होते. 'येथील समुद्र शांत असतो' या ओळीवर असताना बाहेर फटफटी थांबली. परीक्षक चार वाजता येणार होते, ते अडीचलाच आले. कळंबचे रामनाथ गुरुजी, चित्रकला शिकवायचे, हातात गुणांच्या तक्त्याचा कागद आणि पेन. हर्षालीनं त्यांचं बोट धरलं आणि घरामागं नेलं.

गुरुजी थांबले. चपला पायात तशाच. चष्मा पुसला, पुन्हा लावला. "अरे बापरे," ते इतकंच म्हणाले. हर्षालीनं माझ्याकडं बघितलं. ते बघणं मला जन्मभर पुरेल.

तेवढ्यात आबांना जाग आली. पाणी वाहतंय, म्हणजे रोपात पाइप फुटला, असा त्यांनी हिशेब केला आणि बनियनवरच धावत जाऊन रोपाचा कॉक घट्ट बंद केला. त्याबरोबर मोटरचं सगळं पाणी एकाच वाटेनं निघालं, माझ्या समुद्राच्या. शेपटीवर पाय पडलेल्या धामणीसारखी नळी उसळली, कड्यावर आपटली, तिनं महाराजांच्या पायाशी पाऊस पाडला आणि गुरुजींचा चष्मा धुऊन काढला.

गुरुजी भारावले. धबधब्याची योजना फार उत्तम आहे म्हणाले, आणि टिपून घेतलं. पाणी चढून धक्का बुडायला लागला, तेव्हा त्यांनी आदबीनं विचारलं की ही भरती का. आणि मी, लाज वाटते सांगायला, मी म्हटलं, "हो, दर सहा तासांनी येते."

खाली बाजारपेठ बुडत होती. गुरुजी कागदावर भराभर लिहीत होते. पाणी घरांच्या पहिल्या ओळीत शिरलं, आणि दारादारातून चिमटे तरंगत बाहेर आले, डोळे उघडे ठेवून, एकामागं एक.

"आई," हर्षाली अगदी हळू म्हणाली, "माझी माणसं."

संपलं माझं नाटक. मी साडी खोचून समुद्रात उतरले, ओंजळीनं माणसं गोळा करायला लागले, आणि तिथूनच 'मोटर बंद करा' म्हणून ओरडले. रोपातून आबांनी समाधानानं हात केला. म्हणाले, "केलाय मी कॉक बंद, तू काळजी करू नको."

शेवटी गुरुजीच पडवीकडं पळाले आणि स्टार्टर पाडून मोटर बंद केली. पण पाणी जाणार कुठं? कागद शेततळ्याचा! भिजलेली गोणपाटं एक एक करून सुटली. दुसरी ओळ खचली, तिसरी तिच्यावर बसली, आणि सगळं शहर म्हशीनं डबक्यात बसावं तसं सावकाश पाण्यात बसलं. वरचा माथा तेवढा महाराजांसकट कोरडा राहिला.

गुरुजींनी कागदावर लिहिलेलं खोडलं. मग टोपण लावून पेन खिशात ठेवलं. ते निघून मात्र गेले नाहीत. कुणीच गेलं नाही. पाणी निवळत गेलं तसे खाली जिने दिसायला लागले, काड्यांचे, एकही न मोडलेला. वर होतं त्यापेक्षा पाण्यातलं ते शहर मोठं वाटत होतं.

सासूबाई धाकटीला कडेवर घेऊन बाहेर आल्या होत्या. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. त्यांचं माहेर धरणात गेलेलं. ते मला माहीत होतं, पण सहा-सात वर्षांत त्या कधी त्यावर बोलल्या नव्हत्या. त्या काठाशी टेकल्या आणि बोटानं दाखवायला लागल्या.

"असंच दिसायचं पहिल्या साली. आधी घाट गेला. मग देवळाच्या पायऱ्या. लई नितळ पाणी व्हतं. वरून आमचा उंबरा दिसायचा."

हर्षाली ओले चिमटे फ्रॉकमध्ये धरून आजीजवळ सरकली. तिनं विचारलं, तुम्हाला माहीत नव्हतं का पाणी येणार ते.

"माहीत व्हतं की. सायेब येऊन सांगून गेला व्हता. आमी भात काढत बसलो."

गुरुजींनी टोपी काढली. आबा लांबून येता येता जागीच थांबले. नळीच्या तोंडातून उरलेलं पाणी ठिबकत होतं.

हर्षालीनं फ्रॉकमधले चिमटे मोजले, सगळे बावन्न होते. मग तिनं झुंबरबाईचं तोंड बाहीनं पुसलं, आणि माझ्याकडं मान वर करून विचारलं,

"आई, आपल्या माणसांना कुणी सांगितलं होतं?"