माझ्या फ्रिजदुरुस्तीचा ठळक फोन नंबर

आमच्या ताकोराडी शहरात फ्रिज दुरुस्त करणारी बाई एकच, आणि ती मी, एकुवा! तरी इंटरनेटवर ‘फ्रिजदुरुस्ती ताकोराडी’ शोधलं की चार बाप्यांची दुकानं दिसायची, माझं नाव कुठेच नाही.

नवरा एबो म्हणाला, “अगं, कुणा जाणकाराला विचार.”

“मी कॉम्प्रेसर उघडते, मला वेबसाइट नाही जमणार?”

एका रविवारी चर्चहून आले आणि ठाण मांडून बसले. दुकानाचं नाव, वेळ, ‘मक्याची केंकी विकणाऱ्या बाईंच्या शेजारचा निळा कंटेनर’ हा पत्ता आणि फोन नंबर, सगळं पानापानावर ठळक टाकलं. आठवड्यात माझं नाव सगळ्यांच्या वर! फोन मात्र मौनव्रत घेतल्यासारखा गप्प.

दहाव्या दिवशी एक गृहस्थ दुकानापाशी थांबून म्हणाले, “तुमच्या मादामनी फोनवरच फ्रिज चालू करून दिला हो! आधी चांगलं झापलं, पण फुकटात!”

“कोण मादाम?”

धावत वेबसाइट बघितली. शेवटचे दोन आकडे उलटे! तो नंबर लावला.

“प्लग लावलाय का?” पलीकडून तोफच धडाडली.

या होत्या मादाम अराबा क्वान्सा, निवृत्त मुख्याध्यापिका. पत्ता विचारला आणि मी तडक त्यांच्या दारात.

“मादाम, ती माझी गिऱ्हाइकं आहेत!”

“मग दहा दिवस कुठे होतीस? कुणी गरम सूप आत ठेवतंय, कुणी सुरीनं बर्फ खरवडतंय! मी नाही ओरडणार तर कोण?”

“अहो, माझं पोट आहे त्याच्यावर!”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “मग नंबर नीट लिही. आधी मोठ्यानं म्हण.”

आणि बेचाळीस वर्षांची मी, हात मागे बांधून स्वतःचा नंबर तीनदा म्हटला!

तिथंच नंबर सुधारला. घरी पोचायच्या आत फोन वाजला.

“मादाम?”

“नाही, मी एकुवा.”

“अरेच्चा, राँग नंबर!” खट्!

राँग? मी उलटा फोन लावला. “नंबर बरोबर आहे! माणूसही बरोबर आहे! घर कुठंय सांगा, निघालेच!” गेले आणि फ्रिज गारेगार करून आले.

मग वेबसाइटवर ठणकावून लिहिलं: ‘इथे कुणी ओरडत नाही.’ तर लोक विचारू लागले, “मग काम नीट करता ना?”

ती ओळ मी काढली. हल्ली मीच ओरडते.