बिनसुटीचा नियम

चहाचा कप पुस्तकावर ठेवू नये एवढी अक्कल घनश्यामजी लुणावतांना होती. बोरी अरबच्या बाजारात किराण्याचं दुकान चालवण्यात अख्खी उमर गेली, पण गल्ल्यावर त्यांनी कधी कप ठेवला नव्हता. त्या दुपारी मात्र बायको दारव्ह्याला व्याख्यानाला गेलेली, सून गच्चीवर कपडे वाळत घालत होती, डोक्यावर पंखा फिरत होता, आणि कप टेकवायला हाताशी नेमकं तेच जाड पुस्तक होतं. तरी बिचाऱ्यांनी खाली बशी ठेवली होती. पण बशीखालीही चहा सांडला होता. थोड्या वेळानं बशी उचलली तर तिला चिकटून पुस्तकाचं कव्हरही वर आलं.

घनश्यामजींना पंख्याखाली घाम फुटला. पुस्तक उमरावबाईंचं होतं. जैन धर्माच्या अभ्यासाचं, नवतत्त्वं, कर्माचे प्रकार, स्वर्ग, नरक, सगळं अर्थासकट समजावून सांगणारं. आईनं त्यांना लग्नात दिलेलं, आणि छापणं तर केव्हाच बंद झालेलं. असल्या पुस्तकाला त्या घरात कुणी जमिनीवरही ठेवत नसे. पाय लागला तर हात जोडून माफी मागायची पद्धत. त्यावर चहा सांडणं म्हणजे आशातना, ज्ञानाचा अपमान, आणि त्याचं पाप पुढच्या जन्मात भोगावं लागतं म्हणतात. घनश्यामजींना पुढच्या जन्माची एवढी काळजी नव्हती. दारव्ह्याची बस पाचला येणार होती.

शिवाय भानगड नियमाची होती. चातुर्मास लागला तेव्हा उमरावबाईंनी दारव्ह्याला महासतीजींसमोर, म्हणजे जैन साध्वींसमोर, हात जोडून नियम घेतला होता, की रोज या पुस्तकाचं एक पान वाचल्याशिवाय अन्नाचा कण तोंडात घालणार नाही. महासतीजींनी सांगून पाहिलं, "थोडी सूट ठेवा. प्रवास, आजारपण, पुस्तक जवळ नसणं." पण शेजारी नणंद जतनबाई बसल्या होत्या, आणि जतनबाईंच्या नावावर आठ-आठ दिवसांच्या उपवासाच्या दोन अठ्ठाया जमा होत्या. उमरावबाई म्हणाल्या, "सूट कायले? मी का दुकानात आली?" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

घनश्यामजींनी पुस्तक धोतराच्या सोग्यात गुंडाळलं आणि तडक नौशादचं गॅरेज गाठलं. मोटारसायकलीच्या सीटा शिवण्यात नौशादचा हात धरणारा दारव्हा तालुक्यात कुणी नव्हता.

"याले नवं कव्हर चढवून दे. चामडं नको."

"रेक्झिन हाय, शेटजी. बकरी सोडा, याच्यापायी झुरळ बी मेलं नाई."

"आज होईन?"

"आज दोन सीटा द्याच्या हायेत. उद्या तुमचं दुकान उघडाच्या आंधी घेऊन जा."

"अन् कोणाले सांगू नको. गोष्ट घरी गेली तं मी गेलो."

नौशादनं कुणाला सांगितलं नाही. पण त्याची आई हुस्नाबी संध्याकाळी गॅरेजात आली आणि तिला पुस्तक दिसलं. त्याच्या एका बाजूला ग्रीसचा डबा होता, दुसऱ्या बाजूला पाना. "अबे, मजहबी किताब दिसते हे. इथी ठेवतेत का असं?" म्हणत तिनं ते ओढणीनं पुसलं, घरी नेलं, धुतलेल्या पांढऱ्या कपड्यात बांधलं, आणि घरातली पाक किताब असते त्या लोखंडी कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात ठेवलं. तेवढ्यात महागावहून फोन आला. लेकीला, नाहिदला, मुलगा झाला होता. हुस्नाबीनं कपाटाला कुलूप लावलं, चावी कमरेला खोचली आणि मिळेल त्या बसनं महागाव गाठलं.

आता यात चूक कुणाची सांगा. सगळ्यांनी पुस्तकाचा मानच तर राखला होता.

सकाळी उमरावबाई आंघोळ करून बसल्या आणि हात लांबवला तर पुस्तक नाही. उशीखाली पाहिलं, कपाटात पाहिलं, पिठाच्या डब्यामागंही पाहिलं. पण विचारलं कुणालाच नाही. आईनं दिलेलं ज्ञानाचं पुस्तक हरवलं, हे सुनेसमोर कोणत्या तोंडानं सांगायचं? त्या शोधत होत्या आणि घनश्यामजी वर्तमानपत्रात तोंड घालून बसले होते. वर्तमानपत्र कालचं होतं. नवरा-बायको एकाच घरात एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होते, आणि दोघांनाही वाटत होतं की आपल्यालाच काय ते माहीत.

"मम्मीजी, पोहे थंडे होऊन राह्यले," सून अर्पितानं हाक मारली.

"आज मी काही घेणार नाई. उकळलेलं पाणी दे फक्त."

अर्पिता गुणी मुलगी. तिनं लगेच समाजाच्या ग्रुपवर टाकलं, "आमच्या मम्मीजींना आज उपवास. आगे भाव." आगे भाव म्हणजे पुढंही करण्याची इच्छा आहे. ही इच्छा उमरावबाईंना कुणी विचारली नव्हती.

पाचव्या मिनिटाला जतनबाईंचा फोन. "काय वो भाभी, तुम्ही अन् उपवास? तबेत बरी हाय ना?"

खरं सांगून टाकायला तेव्हा वेळ होती. पण त्या 'तुम्ही अन्' मध्ये काहीतरी टोचलं. "काहून, मले होत नाई का?" उमरावबाई बोलून गेल्या, आणि परतीचा रस्ता त्यांनी स्वतःच्या हातानं बंद केला.

तिकडं घनश्यामजी गॅरेजात उभे होते आणि नौशाद फोनवर आईची मनधरणी करत होता. हुस्नाबीचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "किताब महफूज हाय. कपाटाचं कुलूप तोडशीन तं मी त्या घरात पाय ठेवणार नाई." सूर्य मावळला. या घरात सूर्य मावळल्यावर कुणी जेवत नाही, त्यामुळं उमरावबाईंचा तो दिवस तसाच गेला.

दुसरा दिवस निघाला आणि दोन उपवासांचा बेला झाला. गल्लीतल्या बाया साता विचारायला येऊ लागल्या, म्हणजे तपस्व्याची खुशाली. त्या पाया पडायच्या आणि उमरावबाई मान हलवायच्या. बोलायची ताकद नव्हती, आणि न बोलल्यामुळं चेहऱ्यावर तेज आलंय असं सगळ्यांचं मत पडलं. खरं सांगायचं तर बाईंना ते थोडं आवडलंही. जन्मभर जतनबाईंच्या पाया पडणाऱ्या बाया आता यांच्या पाया पडत होत्या. फक्त शेजारच्या तानाबाईनं डाळीला फोडणी दिली की त्यांचे डोळे आपोआप मिटत, आणि बाया म्हणत, ध्यान लागलं.

त्यात नवऱ्याचा एक प्रकार त्यांच्या डोक्यात गेला. दुपारचा डबा दुकानात जायचा तो घासूनपुसून रिकामा परत यायचा. संध्याकाळी घनश्यामजी म्हणायचे, "मले नको, दुकानातच पोट भरलं."

"पाह्य," उमरावबाई सुनेला म्हणाल्या, "मी इथी उपाशी, अन् हे डबा चाटून राह्यले. एक पोळी तं कमी खावं माणसानं."

नौशाद त्या दिवशी मोटारसायकल घेऊन महागावला जाऊन आला. हुस्नाबीनं चावी दिली नाही. "भाचा पाहाले आला का चावी मांगाले आला? मीच येतो उद्या. माह्या हातानं ठेवली, माह्या हातानंच काढीन." नौशाद भाच्याला पाहून, हातावर मिठाई घेऊन चावीशिवाय परतला.

तिसऱ्या दिवशी तीन उपवासांचा तेला. दुपारपासून घरात सतरंजी अंथरली, बाया गीतं म्हणायला बसल्या. दारव्ह्याहून जतनबाई शाल घेऊन आल्या आणि सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "भाभीचा भाव आता अठ्ठाईचा दिसते. मी तं बँडवाल्याले बोलून ठेवलं. वरघोड्याची मिरवणूक काढू."

उमरावबाईंनी बोटांवर मोजलं. अठ्ठाई म्हणजे अजून पाच दिवस. दिवस कासराभर वर राहिला होता. घनश्यामजी दाराच्या चौकटीला धरून उभे होते, चेहरा पांढरा पडलेला.

इतक्यात हुस्नाबी आली. मागं नौशाद. बस उशिरा पोचली होती, आणि त्यातही नौशादनं अर्ध्या तासात कव्हर चढवलं होतं. हुस्नाबीनं छातीशी धरलेलं पांढरं गाठोडं सोडलं. आत पुस्तक. लाल रेक्झिन, पांढरी दुहेरी शिलाई, आणि सीटला असतो तसा धरायला काळा पट्टाही.

"घ्या बाईजी, तुमची अमानत. शेटजींच्या हातून चाय सांडली म्हणे, माह्या पोरानं नवी करून देल्ली. तीन रोजपासून माह्या कपाटात होती. पाक जागी ठेवली, फिकर करू नका."

गीत म्हणणाऱ्या बाया मधल्या ओळीतच थांबल्या. उमरावबाईंनी पुस्तक घेतलं, डोक्याला लावलं, आणि मग घनश्यामजींकडं पाहिलं. ते चौकट सोडून भिंतीला टेकले.

"म्हंजे काय, भाभी?" जतनबाईंनी विचारलं.

अजूनही चूप बसता आलं असतं. शाल समोर होती, बँड सांगितलेला होता. पण पुस्तक हातात होतं, आणि ते हातात घेऊन उमरावबाईंना खोटं बोलवेना.

"म्हंजे असं हाय जतनबाई, मी तप-बिप काही केलं नाई. पुस्तक नव्हतं म्हून जेवली नाई. हरवलं म्हून सांगाची लाज वाटली, अन् तुम्ही फोनवर हसल्या म्हून तोंड उघडलं नाई. मले अठ्ठाई जमत नाई. मले सकाळी आठले पोहे लागते." एवढं बोलून त्यांना इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं. "आता सरका जराशा. दिवस बुडाच्या आत पान वाचू द्या, मले जेवाचं हाय."

त्यांनी चष्मा लावला आणि खूण होती ते पान उघडलं. पान नेमकं नरकाच्या वर्णनाचं होतं. घाई होती खरी, पण नवरा समोर होता. उमरावबाई एकेक यातना सावकाश, अर्थासह, मोठ्यानं वाचू लागल्या. तापलेलं तेल आलं की चष्म्यावरून घनश्यामजींकडं पाहायच्या. करवतीनं कापणं आलं तेव्हा ती ओळ त्यांनी दोनदा वाचली. सूर्य सोयाबीनच्या शेतांकडं उतरत होता, अर्पिता मुगाची वाटी घेऊन दारात तिष्ठत होती, पण बाई हटायला तयार नव्हत्या.

नौशादला वाटलं आपण आता निघावं. तो हळूच घनश्यामजींच्या कानाशी वाकला, पण गॅरेजात बोलायची सवय, हळू त्याला कधी जमलंच नव्हतं. "शेटजी, उद्यापासून डबा तुम्हीच खा बरं. तीन दिवस झाले, मलेच देऊन राह्यले. भाजी झकास होती, पर तुमचे पाय लटपटून राह्यले."

वाचन थांबलं.

"कोणाचा डबा?" उमरावबाईंनी विचारलं.

"शेटजींचा. मी म्हणलो एक पोळी तं घ्या. तं म्हणे, घरी ते उपाशी हाय, माह्या गळ्याखाली उतरत नाई."

उमरावबाई नवऱ्याकडं पाहत राहिल्या. जेवायला पाच मिनिटं उशीर झाला तर वाटी वाजवणारा हा माणूस. मग त्यांनी मान खाली घातली आणि उरलेला नरक एका दमात संपवला. तेल, करवत, काटे, सगळं एकाच श्वासात. इतक्या वेगानं त्या यातना कुणी भोगल्या नसतील. पुस्तक मिटलं, डोक्याला लावलं, आणि त्या ओरडल्या, "अर्पिता, दुसरी वाटी आण. पहिले बाबूजीले दे."

दोघं शेजारी शेजारी बसून मुगाचं पाणी प्यायले. खिडकीतून ऊन जात होतं, आणि बाया या दोघांकडं पाहत होत्या. जतनबाईंना मात्र राहवेना. धर्माच्या बाबतीत त्या पक्क्या होत्या.

"पर भाभी, याचं तप होत नाई हं. यायनं पच्चक्खाण कुठी घेतलं? संकल्प सोडल्याबिगर उपवास म्हंजे नुसती उपासमार."

"बरोबर हाय," उमरावबाई म्हणाल्या. "उपासमारच. पर माह्यासाठी केली."

जतनबाईंनी शालीची घडी उलगडली, थोडा विचार केला, आणि ती घनश्यामजींच्या खांद्यावर टाकली. वाटी तोंडाला लावलेली असल्यामुळं त्यांना नाही म्हणता आलं नाही. अर्पितानं तेवढ्यात फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "बाबूजींचा गुप्त तेला. आगे भाव." ते काढून टाकायला लावण्यात घनश्यामजींची सगळी संध्याकाळ गेली.

पुढच्या आठवड्यात उमरावबाई त्यांना दारव्ह्याला महासतीजींकडं घेऊन गेल्या. घनश्यामजींनी आयुष्यातला पहिला नियम घेतला, की पुस्तकाच्या खोलीत चहा नेणार नाही. महासतीजींनी रीतीप्रमाणं विचारलं, "काही सूट ठेवायची?"

घनश्यामजींनी छाती फुगवली आणि ते उत्तर देणार, तोच उमरावबाईंनी त्यांचं धोतर मागून ओढलं.

"ठेवा," त्या म्हणाल्या. "भरपूर ठेवा."