सम्राज्ञीची जीभ

"माणसाला दुसऱ्याच्या नाकावरची माशी दिसते, पण स्वतःचं नाक दिसत नाही!" लेखकराव बायकोला नेहमी ऐकवायचे. "तू कुणाचंही हुबेहूब चित्र काढ आणि त्याच्याच समोर टांग. तो म्हणेल, काय बावळट माणूस आहे हो, कोण हा?"

एवढं बोलून ते मिशीतल्या मिशीत हसायचे. मिशी नव्हती, ती गोष्ट वेगळी.

'लेखकराव' हे नाव त्यांना बायकोनेच ठेवलेलं. बायको दातांची डॉक्टर. या नावात आदर किती आणि टोमणा किती, हे तिचं तिलाच ठाऊक! पण लेखकराव सगळा आदरच धरून चालायचे. का नाही धरणार? 'महाशून्याच्या पार' ही मालिका घराघरांत बघितली जायची, आणि दर शनिवारी पडद्यावर भल्या मोठ्या अक्षरांत 'संवाद' या शब्दाखाली त्यांचं नाव यायचं. ते नाव येऊन जाईपर्यंत घरात कुणी खोकायचं नाही, असा नियम होता.

आता ही मालिका काय लायकीची होती, ते ऐका. ती सुरू झाली तेव्हा जी पोरं पाळण्यात होती, ती आता दाढी करतात. एवढ्या वर्षांत यान एक पाऊल पुढे सरकलं नाही. यानाचं दार बटण दाबलं की सुळकन उघडतं ना? दोन सुतार दोन बाजूंनी ओढतात! एकाला शिंक आली की दार अर्धंच उघडतं, आणि कप्तान आडवा होऊन आत शिरतो. यानाचा महासंगणक म्हणजे बर्फाचे ट्रे आणि त्यामागे लुकलुकणारी दिव्यांची माळ. आजवर जेवढे ग्रह दाखवले, ते सगळे स्टुडिओच्या मागच्या दगडाच्या खाणीत! लाल काच लावली की तापलेला ग्रह, निळी लावली की गोठलेला. कप्तान तर सहा वेळा मेलाय. कधी त्याचा जुळा भाऊ निघतो, कधी गोठवून ठेवलेला मेंदू सापडतो, पण पुढच्या शनिवारी स्वारी खुर्चीत हजर! निर्मात्याला हे फार सोयीचं पडतं. नवा नट घ्यायचा म्हणजे नव्या मापाचा पोशाख शिवायला नको का?

या सगळ्या पुठ्ठ्यात जिवंत होती ती एकच, जांभळी सम्राज्ञी. सात आकाशगंगांची मालकीण. तोंड उघडलं की समोरचा गार! तिचे संवाद लोकांना पाठ होते. आणि ते संवाद लेखकराव कुठून आणायचे?

स्वयंपाकघरातून!

लेखकराव राहायचे आत्याकडे. सख्खी आत्या, आणि घर तिचं. आत्याने लग्न केलं नाही. उभी हयात मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर पोरी संपल्या आणि शिस्त उरली. मग तिच्या हाताशी होता कोण, तर हा एकुलता एक भाचा.

"पंखा चालू, दिवा चालू, आणि माणसाचा पत्ता नाही! वीजघर काय तुझ्या बापाचं आहे?" असं आत्या कडाडली की लेखकराव खाली मान घालून थेट बाथरूममध्ये. नळ सोडायचा, म्हणजे आवाज बाहेर जात नाही, आणि गरमागरम सगळं फोनमध्ये बोलून ठेवायचं. शनिवारी जांभळी सम्राज्ञी सिंहासनावरून गरजायची, "सूर्य चालू, चंद्र चालू, आणि सैन्याचा पत्ता नाही! आकाशगंगा काय तुझ्या बापाची आहे?"

आत्या म्हणायची, "पानात घेतलंस ना? मग संपवून ऊठ!" सम्राज्ञी म्हणायची, "ग्रह जिंकलास ना? मग जाळून ऊठ!" लेखकरावांची अक्कल खर्च व्हायची ती एवढ्या दोन-तीन शब्दांपुरती.

आणि गंमत बघा, आत्या स्वतः ही मालिका न चुकता बघायची. सम्राज्ञी दिसली की तिचं डोकं उठायचं. "काय मेली तोंडाळ बाई आहे! हिला कुणी वळण लावलं नाही का?" तेव्हा लेखकराव बायकोला कोपराने ढोसायचे. बघितलंस? स्वतःचं नाक!

पण अति तिथे माती! एका शनिवारी सम्राज्ञीने आपल्या सेनापतीला असा काही झापला, की तो बिचारा सोंडेतून रडला. (सेनापतीला सोंड होती. कशाला होती, हे लेखकरावांनाही माहीत नव्हतं.) आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने टीव्ही बंद केला.

"मी काही तशी नाही," ती हळव्या आवाजात म्हणाली. "पण म्हातारपणी जिभेचा भरवसा नसतो. त्या बाईला बघून मी ठरवलंय. आजपासून या घरात कुणाला वाकडा शब्द बोलणार नाही."

लेखकरावांना आधी वाटलं, सुटलो! मग वाटलं, मेलो!

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम घरातले सगळे दिवे लावून ठेवले. आत्या आली. तिने दिव्यांकडे बघितलं. तिचा जबडा हलला. लेखकरावांनी खिशातल्या फोनचं बटण दाबलं.

"असू दे रे बाळा," आत्या म्हणाली. "उजेड कुणाला नको असतो?"

नाइलाजाने लेखकरावांनी त्या आठवड्याचे संवाद स्वतःच्या डोक्यातून काढले. ते डोकं इतकी वर्षं वापरातच नव्हतं. स्टुडिओत वाचन सुरू झालं. सम्राज्ञीचं काम करणारी नटी अर्धा चेहरा जांभळा करून बसली होती. तिने वाचलं, "हे पामर मानवा! तुझा सर्वनाश अटळ आहे!" आणि कागद खाली ठेवला.

"हे कोण बोलतंय?"

"सम्राज्ञी," लेखकराव म्हणाले.

"छे! ही तर माझ्या मुलाच्या शाळेतल्या नाटकातली राक्षसीण आहे!"

निर्मात्याच्या शेजारी त्याचा नवा जावई बसला होता. जावयाला कुठेतरी चिकटवायचं असल्यामुळे निर्माता संधीच शोधत होता. जावई घसा साफ करून म्हणाला, "मी काय म्हणतो पप्पा, आपण सम्राज्ञीचं मनपरिवर्तन दाखवू या. ती एक गाणं म्हणते आणि सगळ्या ग्रहांना माफ करते!"

नटीने त्याच्याकडे असं बघितलं की तो खुर्चीत दोन बोटं खाली गेला. पण निर्मात्याने निकाल दिला, "उद्या दुपारी चित्रीकरण. त्याआधी आमची खरी सम्राज्ञी कागदावर आणा. नाहीतर पुढच्या भागापासून संवाद जावईबापूंचे आणि नावही जावईबापूंचं!"

नाव! लेखकरावांनी कागद गोळा केले आणि घरची वाट धरली. काहीही होवो, आज आत्याला चिडवायचंच!

घरी आल्या आल्या त्यांनी ओला टॉवेल आत्याच्या गादीवर फेकला. आत्याने तो उचलून वाळत घातला. "दमला असशील," म्हणाली. त्यांनी चिखलाचे बूट सोफ्यावर ठेवले. आत्याने सोफा पुसला. जेवताना त्यांनी ताट सरकवून दिलं. "ही भाजी आहे की पुठ्ठा?"

"खरंय तुझं," आत्या म्हणाली. "मला मेलीला कधी धड जमलंच नाही."

आता मात्र लेखकराव हातघाईवर आले. दिवाणखान्यात आत्याच्या निरोपसमारंभाचा फोटो होता. मधोमध खुर्चीत आत्या आणि भोवती सगळ्या पोरी. आत्या रोज स्वतःच्या हाताने तो पुसायची. लेखकरावांनी जाड पेन घेतलं आणि फोटोच्या काचेवर आत्याला झुबकेदार मिशी काढली!

आत्या फोटोसमोर कितीतरी वेळ उभी राहिली.

"हे तू केलंस?"

"हो, मीच! बोल काय बोलायचंय ते!" लेखकरावांनी आशेने छाती पुढे काढली. खिशात फोन तयारच होता.

आत्याने हात वर केला. लेखकरावांनी डोळे मिटले. तो हात त्यांच्या कपाळावर येऊन टेकला. "ताप तर नाही," ती पुटपुटली, आणि स्वयंपाकघरात जाऊन सुनेला हळूच म्हणाली, "अगं, याच्या डोक्यावर परिणाम झालाय. त्या मेल्या मालिकेने पोराचं डोकं खाल्लं."

त्यासाठी आधी डोकं लागतं, हे बायकोच्या अगदी ओठावर आलं होतं. पण तिने ते गिळलं.

सकाळी लेखकरावांना जाग आली तेव्हा कपाळावर ओल्या फडक्याची घडी होती आणि दाराला बाहेरून कुलूप! आजारी पोरींना खोलीत कोंडून सक्तीने झोपवायचं, ही रेक्टरबाईंची जुनी पद्धत.

"आत्या, दार उघड! मी ठणठणीत आहे!"

"डोक्याने गेलेले सगळे असंच म्हणतात रे बाळा," दाराबाहेरून अत्यंत गोड आवाज आला. "तू झोप. मी स्वतः स्टुडिओत जाऊन सांगते, माझ्या पोराला आता सोडा म्हणून."

किल्ली तिच्या पर्समध्ये गेली आणि बायको दवाखान्यात. शेवटी लेखकराव खिडकीतून उतरले. घर तळमजल्यावर होतं, तरी गुडघा सोलवटलाच. अंगात पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, कपाळावर फडकं, अशा अवतारात ते स्टुडिओच्या फाटकावर पोचले.

"परग्रहवासी मागच्या दाराने!" पहारेकरी खेकसला.

"अहो, मी लेखक!"

"तेच म्हणतो मी, मागच्या दाराने!"

मागच्या दाराशी तोंडं रंगवणारा घाईत होता. त्याने कसलीही चौकशी न करता लेखकरावांच्या तोंडावर जांभळ्या रंगाचा एक ब्रश फिरवला आणि त्यांना परग्रहवासीयांच्या घोळक्यात ढकललं. तिथून लेखकरावांनी बघितलं तर काय!

आत्या सिंहासनावर बसली होती!

तिला ती आपली साधी खुर्ची वाटली होती. निर्मात्याची वाट बघत ती गोड चेहऱ्याने बसली होती, पण डोळे काय बघत होते? रिकाम्या देखाव्यावर सगळे दिवे जळत होते. महासंगणकावर पाय टाकून कप्तान घोरत होता. चहाचे कागदी पेले यानभर पसरले होते. जावईबापूंनी अर्धं सँडविच खाल्लं आणि उरलेलं धूमकेतूमागे टाकलं. आत्याने खुर्चीचे हात घट्ट धरले. ओठ घट्ट मिटले. आपला निश्चय तिने अगदी दातांखाली धरून ठेवला होता!

तेवढ्यात जावईबापू तिच्याजवळ आले. "ओ आजी, उठा बघू. ते सिंहासन आहे."

"सिंहासन?" आत्या उठली, आणि निश्चय बसला! "आधी पुसा ते सिंहासन! बोटभर धूळ आहे त्यावर! रिकाम्या जागेवर दिवे जळतायत, वीज काय आभाळातून गळते? अहो कप्तान, पाय खाली! घरीही असेच जेवणाच्या टेबलावर ठेवता? म्हणूनच मरता सहा सहा वेळा! आणि तू रे, ते अर्धं सँडविच उचल! उचल म्हणते ना! भूक नव्हती तर घेतलंस कशाला, आणि होती तर टाकलंस कशाला?"

कप्तानाचे पाय खाली आले. जावईबापू धूमकेतूमागे ओणवे झाले. कुणी बटण दाबलं नव्हतं, तरी घाबरलेल्या सुतारांनी यानाचं दार सताड उघडलं.

"हीच!" नटी ओरडली. "हीच माझी सम्राज्ञी! बाई, इतकी वर्षं मी तुमचंच बोलतेय!"

आत्याने घोळक्यावरून नजर फिरवली, आणि एका पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यावर ती थांबली.

"म्हणजे ती मेली तोंडाळ बाई... मी?"

"आत्या, तसं नाही, कलेत काय असतं..."

"आणि माझ्या फोटोला मिशी काढलीस, तीही याच्यासाठी?"

लेखकरावांनी कपाळावरचं फडकं डोळ्यांवर ओढलं. आत्याचा चेहरा पडला. तिला वाईट वाटलं होतं, अगदी मनापासून वाईट वाटलं होतं. ज्याच्यासाठी रात्रभर उशाशी बसून फडकी बदलली, त्याने तिला दर शनिवारी चव्हाट्यावर बसवलं होतं! तिने डोळ्यांना पदर लावला. पण पदर खाली आला तेव्हा आतली रेक्टर जागी झाली होती. ती निर्मात्याकडे वळली.

"लोकांना आवडते का हो ती?"

"आवडते? अहो बाई, तिच्यामुळे तर यान हवेत आहे! नाहीतर पुठ्ठाच आहे तो!"

"आणि नाव कुणाचं येतं?"

सगळ्यांनी लेखकरावांकडे बघितलं. लेखकरावांनी दाराकडे बघितलं. सुतारांनी दार लावून घेतलं.

आता 'संवाद' या शब्दाखाली भल्या मोठ्या अक्षरांत आत्याचं नाव येतं. लेखकरावांचंही येतं, नाही असं नाही. अगदी शेवटी 'साहाय्य' म्हणून येतं आणि वाचायच्या आत जाहिरात लागते. जावईबापूंनाही काम मिळालं. एक सुतार निवृत्त झाला, डावीकडून दार ते ओढतात.

आत्याने लिहिलेला पहिला भाग सगळ्यांनी घरी एकत्र बघितला. त्यात एक नवंच पात्र होतं, सम्राज्ञीचा भाचा. पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घालणारा दरबारी कवी. हा सात आकाशगंगांचे दिवे चालू ठेवतो, सिंहासनावर ओला टॉवेल टाकतो आणि सम्राज्ञी रागावली की न्हाणीघरात जाऊन स्वतःशीच पुटपुटतो. शत्रू आला तर खिडकीतून उडी मारून गुडघा सोलवटून घेतो! बायको हसून हसून सोफ्यावरून खाली आली. वरच्या मजल्यावरूनही हसणं ऐकू येत होतं.

लेखकराव मात्र हसले नाहीत. भाग संपल्यावर त्यांनी जाणकाराप्रमाणे मान हलवली.

"अतिशयोक्ती आहे, आत्या. हे पात्र पटत नाही. एवढा बावळट माणूस जगात कुठे असतो का?"

बायकोने तोंड उघडलं, पण आत्याने तिला डोळ्यांनी गप्प केलं.

"नसतो रे बाळा," ती साखरेसारखी म्हणाली. "जा, बाथरूममधला दिवा राहिलाय बघ, तेवढा बंद करून ये."

"मी बंद करूनच आलोय!" असं फणकारून लेखकराव उठले आणि बघायला गेले.

दिवा चालू होता. नळही.