पाळण्यातले दोनशे तीस व्होल्ट

माझी मुलगी शाल्मली जन्मली तेव्हा तीन किलो शंभर ग्रॅम आणि दोनशे तीस व्होल्ट भरली. दवाखान्यातून घरी सोडताना कागदावर लिहून दिलं, की आईचा दाब पाच व्होल्ट असल्याने आईने बाळाला हात लावू नये.

पाच ऐकून मला फारसं आश्चर्य वाटलं नाही. शाळेत असल्यापासून मला तसा संशय होताच.

दूध, अंघोळ, शेक-शेगडी सगळं सासूबाई बघतात. त्यांचा दाब कुणी मोजलेला नाही. मोजायची कुणाची हिंमत झाली नाही. मी पाळण्यापासून दोन हात लांब बसते आणि ती आहे ना, एवढंच कळावं म्हणते.

त्यासाठी सरकारच्या अंतर विभागाचे निरीक्षक तारळेकर आले. त्यांनी पाळण्याच्या दांडीला चिंचोक्याएवढी काळी डबी बसवली.

"आत एका बाजूला बाळाचा दिवा, दुसऱ्या बाजूला तुमचा डोळा," ते म्हणाले. "मध्ये तार नाही. बाळ असेल तर दिवा लागतो, तुमच्या डोळ्याला दिसतो. तुमच्याकडे फक्त बातमी येणार, वहिनी. बाळ नाही."

"आणि माझी बातमी तिच्याकडे?"

"एकमार्गी आहे."

बातमी वाचणारा प्रोग्रॅम मीच लिहिला. शिकलेली आहे ना. पहिल्याच सकाळी त्याला 'बाळ आहे का' विचारलं आणि पडद्यावर उत्तर आलं, 'नाही'.

मी जमिनीवर बसले. सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. शाल्मली पाळण्यात स्वतःची मूठ चोखत होती.

"ही काय, आहे की," त्या म्हणाल्या. "यंत्रसुद्धा तुझ्यासारखंच गं. आधी वाईट ते बघतं."

तारळेकरांना बोलावलं. त्यांनी प्रोग्रॅम वाचला.

"घरातल्या विजेसारखंच बाळ सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतं, तेवढ्यापुरता दिवा विझतो. तुम्ही नेमकं तेव्हाच विचारलंत. 'नाही' आलं तर वीस मिलिसेकंद थांबायचं, मग ठरवायचं."

प्रोग्रॅम थांबायला शिकला. मला जमलं नाही. वीस मिलिसेकंदांत माझ्या मनात बरंच काही होऊन जातं.

मग मी विचारलं, "ती शून्यावर असताना हात लावला तर?"

तारळेकरांनी पेन खाली ठेवलं. "नियमात मनाई नाही. अर्ज करा."

साक्षीदार म्हणून सासूबाईंनी सही केली. "घे हो, तुझीच आहे," एवढंच म्हणाल्या, आणि आत गेल्या.

तिसऱ्या आठवड्यात मंजुरी आली. अर्जदार आईस, बाळ शून्यावर असताना, दर सेकंदास शंभर वेळा जवळ घेण्याची परवानगी देण्यात येत आहे. प्रत्येक वेळी शून्य संपण्यापूर्वी बाळ खाली ठेवावे.

मी रोज अकरा वाजता रबरी चटईवर उभी राहून सराव करते. तारळेकर घड्याळ घेऊन बसतात.

"उशीर झाला, वहिनी."

मी हात मागे घेते.

"उशीर. पण कालच्यापेक्षा बरं."

शाल्मली आता चार महिन्यांची आहे. माझे हात पुढे येतात, मागे जातात, आणि तिला वाटतं आई खेळते आहे. ती खुदकन हसते. हसली की तिचा दाब वाढतो, म्हणून सराव अकरा दहाला थांबवावा लागतो.